चौसष्ट टक्क्यांवरचे नाना

सुबकताई हे नाव त्यांना ऑफिसनं दिलं खरं, पण त्यात ऑफिसचं कर्तृत्व काही नव्हतं. कुठलंही काम हातात आलं की बाईंच्या तोंडून पहिलं वाक्य निघायचं, "जरा सुबक करू या का हे?" मग ते संगणकाच्या पडद्यावरचं पान असो, नाहीतर कँटीनमधली चमच्यांची बरणी. शाळेत असताना त्या फलकावरच्या वाकड्या सूचना सरळ करत फिरायच्या. एकदा तर मुख्याध्यापक भाषणाला उभे असताना मागून जाऊन त्यांच्या कोटाची कॉलर नीट करून आल्या होत्या. लग्न झालं ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाशी. त्याच्या खिशातले स्क्रू घरभर सांडायचे. सासूबाई त्याच्याही वरताण. त्यांच्या माळ्यावर झाकणं नसलेले डबे होते, डबे नसलेली झाकणं होती, आणि ती एकमेकांना बसत नव्हती.

"आई, माळा आवरू का एकदा?" ताई अधूनमधून विचारायच्या.

"बघू," सासूबाई म्हणायच्या.

या एका शब्दावर लग्नाची इतकी वर्षं निघाली होती. भांडण कधी झालं नाही आणि माळाही कधी आवरला नाही.

ताईंची कंपनी सर्व्हर सांभाळायचं सॉफ्टवेअर बनवायची. सर्व्हर म्हणजे मोठे संगणक, बंद खोलीत थंड हवा खात अखंड राबणारे. त्यांना नेमून दिलेल्या एकेका कामाला जॉब म्हणायचं. फायलींची नक्कल काढून ठेवणं हा एक जॉब, पत्त्याच्या चिठ्ठ्या छापायला पाठवणं हा दुसरा, जुनंपुराणं पुसून टाकणं हा तिसरा. कुठला जॉब चालू आहे, कुठला रांगेत उभा आहे आणि कुठला मध्येच कोलमडला, हे दाखवणारं सॉफ्टवेअरमध्ये एक पान होतं. ते साहेबांनी तरुणपणी स्वतःच्या हातानं बनवलेलं. साहेबांचा त्याच्यावर इतका जीव, की त्यातली चूक कुणी दाखवली तर ते "त्याचा स्वभावच तसा आहे" असं म्हणायचे.

स्वभाव कसा होता, तर अक्षरं मुंगीएवढी आणि रंग खडूच्या पेटीत असतात तेवढे सगळे. 'दाखवा' आणि 'थांबवा' ही दोन बटणं शेजारी शेजारी, अगदी जुळ्या भावांसारखी. त्यामुळे जॉबची खबर घ्यायला गेलेला माणूस बरेचदा जॉबचा जीव घेऊनच परत यायचा. शिवाय पडद्यावर एकावर एक अशा चौकटी उघडायच्या आणि खालच्या चौकटीत काय लिहिलंय ते वरचीलाच ठाऊक नसायचं. शेवटी गिऱ्हाइकांच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की साहेबांनी काळजावर दगड ठेवला आणि पान नव्यानं रचायचं काम सुबकताईंकडे दिलं.

ताईंना आभाळ ठेंगणं झालं. पण कामाच्या आधी मीटिंग असते.

"लाल रंग नको," विक्रीप्रमुखांनी सुरुवात केली. "मी गिऱ्हाइकाला पान दाखवतो, तेवढ्यात कुठेतरी लाल पेटतं, आणि त्याचा चेहरा उतरतो."

"पण जॉब कोलमडला तर ते कळायला हवं ना?" ताई म्हणाल्या.

"कळू दे की. पण लाल होऊन कशाला कळायला हवं? सांगायची एक पद्धत असते."

कुणीतरी गुलाबी सुचवला. साहेबांनी पडद्यावर तो लावून बघितला, मान तिरकी केली आणि म्हणाले, "हा जॉब लाजल्यासारखा वाटतोय." राखाडी लावला तर जॉब आजारी दिसायला लागला. शेवटी विटकरीवर एकमत झालं, कारण विटकरीचं कुणालाच काही वाटलं नाही.

मग शब्दावरून जुंपली. "'अयशस्वी' हा शब्द फार लागतो मनाला," विक्रीप्रमुख म्हणाले. "दिवसभर राबून आलेल्याला आपण असं तोंडावर म्हणू का?"

"'राहून गेलं' चालेल?" साहेबांनी विचारलं.

"ते श्रद्धांजलीसारखं वाटतं."

"'प्रयत्न चांगला होता'?"

ताईंनी टेबलावरच्या पेन्सिली उंचीप्रमाणे लावायला घेतल्या. असं त्या फार चिडल्यावर करायच्या. पेन्सिली संपेपर्यंत 'अडलं' हा शब्द मंजूर झाला होता, आणि सगळे थकून चहाला गेले.

त्यानंतर मात्र ताईंनी जे काम केलं ते खरोखर नजर लागण्यासारखं होतं. पान उघडलं की आधी डोळ्यांना गारवा वाटायचा. चालू कामं वर, अडलेली त्याखाली, 'थांबवा' हे बटण लांब कोपऱ्यात एकटं. एकावर एक चढणाऱ्या चौकटी त्यांनी मोडून टाकल्या. आणि एक गोष्ट त्यांनी खास हौसेनं केली. जे जॉब वर्षानुवर्षं नुसते 'चालू' म्हणवतात पण हलत नाहीत, त्यांच्यासाठी त्यांनी तळाशी एक कप्पा केला आणि त्याला नाव दिलं 'बाजूला ठेवलेलं'. कप्पा आपोआप बंद राहायचा. घरी जे जमलं नाही ते बाईंनी पडद्यावर करून घेतलं, असं म्हणायला हरकत नाही.

नवं पान सगळ्या गिऱ्हाइकांकडे गेलं. टाळ्या झाल्या. साहेबांनीही दोन वाजवल्या. आणि दुसऱ्याच सकाळी ताईंच्या टेबलावरचा फोन वाजला.

"मी बटणांच्या कारखान्यातून बोलतोय," पलीकडचा आवाज घोगरा झाला होता. "आमचे नाना दिसत नाहीयेत."

"अरे बापरे," ताई म्हणाल्या. "कधीपासून?"

"तुमचं नवीन पान आलं तेव्हापासून."

ताईंना संबंध कळेना. पण माणूस घाबरलेला आहे हे कळत होतं. "घरी बघितलंत का? नातेवाइकांकडे?"

"नाना घरी कशाला जातील? ते इथेच असतात. पहिल्या ओळीत."

"रांगेत उभे होते का?"

"छे हो, रांगेत कसले! चालू होते. चांगले चौसष्ट टक्क्यांवर होते."

ताईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला, म्हणजे या कानाला तरी अर्थ लागेल. "वय काय त्यांचं?"

"ते आम्हाला कुणालाच माहीत नाही. मी कामाला लागलो तेव्हापासून आहेतच." आणि मग तो माणूस जवळजवळ रडवेला होऊन म्हणाला, "ताई, काय केलंत हो त्यांचं?"

अर्ध्या तासात विक्रीप्रमुख धावत आले. बटणांचा कारखाना हे जुनं गिऱ्हाईक, त्याला दुखवून चालणार नव्हतं. साहेब म्हणाले, "जाऊन भेटून या. आणि त्यांच्या नानांना जपून."

कारखाना गावाबाहेर, लांबट, पत्र्याच्या छपराचा. आत शिरताच बटणांचा आवाज, हजारो बटणं पत्र्यावर पडतात तसा, एकसारखा. भिंतींवर बटणांचे नमुने चिकटवलेले होते. ताईंच्या लगेच लक्षात आलं की तिसऱ्या ओळीतलं एक उलटं लागलंय. पण वेळ ती नव्हती.

फोन करणारे गृहस्थ दारातच उभे होते. सर्व्हरच्या खोलीची देखभाल त्यांच्याकडे, म्हणून कारखाना त्यांना सर्व्हरकाका म्हणायचा. थंड खोलीत बसून बसून त्यांना उन्हाळ्यातही स्वेटर घालायची सवय लागलेली. त्यांनी ताईंना आत नेलं आणि पडद्याकडे बोट केलं. इस्पितळात पेशंट दाखवतात तसं.

ताईंनी खालचा 'बाजूला ठेवलेलं' हा कप्पा उघडला. आत एकच ओळ होती. चालू, चौसष्ट टक्के.

"नाना!" सर्व्हरकाका ओरडले. बाहेरच्या यंत्रांचा आवाज ओलांडून ती हाक गेली आणि माणसं आत यायला लागली.

मग हळूहळू उलगडा झाला. जुन्या पानावर एखाद्या जॉबला नाव नसलं की नावाच्या रकान्यात दोन इंग्रजी अक्षरं यायची, एन आणि ए. मालक नसला की मालकाच्या रकान्यातही तीच दोन अक्षरं. या जॉबला ना नाव होतं, ना मालक. साहेबांच्या त्या पानावर रकाने एकमेकांना चिकटलेले, त्यामुळे ती चार अक्षरं सलग वाचली की 'नाना' व्हायचं. कुणीतरी तो जॉब कधीकाळी लावून दिला आणि नोकरी सोडून गेला. जॉब चालूच राहिला.

"दुसरं काही बंद पडू दे, नाना कधी बंद पडले नाहीत," सर्व्हरकाका सांगत होते. "वीज गेली, आली, पहिल्या ओळीत नाना. एकदा छपराचं पाणी आत आलं, तेव्हाही नाना."

"नाना दिसल्याशिवाय मी माल बाहेर काढत नाही," गोदामवाल्यानं ठासून सांगितलं. "कालपासून तीन गाड्या भरून उभ्या आहेत. ड्रायव्हर शिव्या देतायत."

"पण ते करतात काय?" ताईंनी विचारलं.

सगळे वळून ताईंकडे बघायला लागले. प्रश्न जरा असभ्यच झाला असावा.

"बटणं मोजत असतील," गोदामवाला म्हणाला.

"सगळ्यांवर लक्ष ठेवतात," दुसरं कुणी म्हणालं. एकानं तर त्यांना चौसष्टवरून पासष्टवर जाताना स्वतः पाहिल्याचं सांगितलं. पण त्या दिवशी त्याच्या डोळ्यांत औषध घातलेलं होतं, हे सर्व्हरकाकांनी लगेच निदर्शनास आणून दिलं.

ताईंनी त्या ओळीवर क्लिक केलं. एकावर एक चढणाऱ्या चौकटी आता नव्हत्याच, त्यामुळे इतकी वर्षं दुसऱ्या चौकटीखाली दबून राहिलेला एक प्रश्न स्वच्छ, मोठ्या, सुबक अक्षरांत समोर आला.

*बरंच काही विनाकारण साठलं आहे. सगळं आवरून टाकू का?*

आणि खाली दोन बटणं. हो. नाही.

नाना काही मोजत नव्हते. ते कुणावर लक्षही ठेवत नव्हते. ते साफसफाईचा जॉब होते. चौसष्ट टक्के काम करून त्यांनी परवानगी विचारली होती आणि कुणीतरी हो म्हणेल म्हणून आजवर तिष्ठत बसले होते.

ताईंचे हात शिवशिवले. सगळं आवरून टाकू का, असं जन्मात त्यांना कुणी विचारलं नव्हतं. विचारणाऱ्या त्या, आणि टोलवणारे बाकीचे, हीच रीत. बोट आपोआप 'हो'कडे निघालं.

"थांबा!" सर्व्हरकाकांनी त्यांचं मनगटच धरलं. मग ओशाळून सोडलं. "माफ करा. पण हो म्हटलं तर नानांचं काय होईल?"

"शंभर टक्के होतील आणि... संपतील. म्हणजे यशस्वी होतील," ताईंनी सावरून घेतलं.

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर लगेच संपतील."

मालकीणबाईंना बोलावणं गेलं. वयानं थकलेल्या, पण चालीत कारखान्याची यंत्रं भिनलेली, अशा त्या ठक ठक करत आल्या. सगळं ऐकून घेतलं. चष्मा पुसून पडद्याकडे बघितलं.

"दोनच बटणं?" त्या म्हणाल्या. "आम्ही जन्मभर बटणं करतोय, बाई. दोन बटणांत काहीही नीट बसत नाही."

"पण प्रश्नाची उत्तरं दोनच असतात ना?"

"कुणी सांगितलं तुम्हाला? तुमच्या घरी कुणी विचारलं की लगेच हो किंवा नाही म्हणतात?"

ताईंच्या डोळ्यांसमोर सासूबाई उभ्या राहिल्या आणि त्यांच्या मागे तो माळा. त्यांनी बोट पडद्यापासून मागे घेतलं. मग म्हणाल्या, "नाही. बघू म्हणतात."

"मग ते बटण द्या," मालकीणबाई म्हणाल्या आणि आल्या तशा ठक ठक करत निघून गेल्या.

ताईंनी ऑफिसला फोन लावला. साहेबांना आधी पटेना, पण नुसतं 'बघू' म्हणायला फारसा खर्च नाही हे विक्रीप्रमुखांनी त्यांना समजावलं. चारेक दिवसांत तिसरं बटण तयार झालं. सर्व्हरकाकांनी ते दाबलं. प्रश्न नम्रपणे मिटला, नाना कप्प्यातून निघून पुन्हा पहिल्या ओळीत आले आणि गाड्या सुटल्या.

गोष्ट इथे थांबली असती तर बरं झालं असतं. पण विक्रीप्रमुखांनी ते बटण सगळ्याच गिऱ्हाइकांना दिलं, आणि लोक अक्षरशः तुटून पडले. इतकी वर्षं माणसांना हो आणि नाही यांच्या कात्रीत धरलेलं होतं. आता सगळीकडे 'बघू' सुरू झालं. नक्कल काढू का? बघू. अडलेलं पुन्हा सुरू करू का? बघू. तक्रारी थांबल्या. पान इतकं शांत दिसायला लागलं की एका गिऱ्हाइकानं त्याचा मोठा फोटो काढून स्वागतकक्षात लावला. ताईंना बढती मिळाली, वेगळी खोली मिळाली. किती गोष्टींना बघू म्हटलंय ते दाखवणारं आणखी एक पान रचायचं कामही मिळालं. त्यांनी ते रचलं. त्या पानावरही कामं साठली, तेव्हा लोकांनी तिथेही 'बघू'ची मागणी केली.

ताईंची झोप मात्र उडाली. त्यांना कळत होतं की शेकडो बंद खोल्यांमध्ये आता शेकडो नाना बसलेत, तोंडाशी प्रश्न घेऊन. साहेबांना बोलून दाखवलं तर ते म्हणाले, "कुणी तक्रार करतंय का? नाही ना? मग?"

तक्रार आली ती बटणांच्या कारखान्यातूनच. सर्व्हरकाकांचा आवाज या वेळी घोगरा नव्हता, तर हळू होता, शेजारच्या खोलीत कुणी झोपलं असावं तसा. "ताई, सर्व्हरवरची जागा संपली. पत्त्याच्या चिठ्ठ्या छापल्या जात नाहीत. मालकीणबाई म्हणाल्या, तुम्हाला बोलवून घ्यावं."

ताई पोचल्या तेव्हा यंत्रं बंद होती. बटणांचा आवाज नसलेला कारखाना त्यांना ओळखूच येईना. सर्व्हरच्या खोलीत सगळे दाटीवाटीनं उभे, गोदामवाला टोपी हातात घेऊन. सर्व्हरकाकांनी त्या दिवशी स्वेटरची सगळी बटणं लावली होती. नाना काय काय पुसणार, ते ताईंनी आधी नीट तपासलं. एकाच चित्राच्या ढिगानं नकला, कुणीच न उघडलेले आराखडे, अर्धवट टाकलेली पत्रं. कामाचं काहीही नव्हतं. तसं त्यांनी मालकीणबाईंना सांगितलं.

"मग आता उगाच ताटकळत ठेवायचं नाही त्यांना," मालकीणबाई म्हणाल्या. "खूप वाट बघितली बिचाऱ्यांनी. दाबा."

सर्व्हरकाकांना ते जमेना. गोदामवाला भिंतीकडे बघायला लागला. शेवटी सगळ्यांच्या नजरा ताईंकडे वळल्या. ज्या क्षणासाठी आपला जन्म झाला असं त्यांना नेहमी वाटायचं तो समोर आला होता, आणि बोट मात्र जड झालं होतं. त्यांनी डोळे मिटले आणि 'हो' दाबलं.

चौसष्टचे सत्तर झाले. सत्तरचे नव्वद. कुणी श्वास घेईपर्यंत शंभर झाले. पडद्यावर एकच शब्द उमटला, *आवरलं.* आणि ती ओळ हळूच फिकी होऊन निघून गेली. असं फिकं होत जाणं ताईंनीच ठरवलं होतं. दिसायला बरं दिसतं म्हणून.

"गेले," सर्व्हरकाका म्हणाले.

शेजारच्या खोलीत प्रिंटर खडखडून सुरू झाला आणि साठलेल्या चिठ्ठ्या भराभर बाहेर पडायला लागल्या, पण कुणी उचलायला गेलं नाही. मालकीणबाईंनी अर्ध्या दिवसाची सुट्टी जाहीर केली. माणसं एकेक करून बाहेर पडली, एकमेकांच्या पाठीवर हात ठेवत. गोदामवाला ताईंपाशी थांबला आणि म्हणाला, "तुम्ही जवळ होतात, हे बरं झालं."

ताई घरी आल्या त्या थेट स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या. चपला दारात वाकड्यातिकड्या पडलेल्या. सासूबाईंनी एकदा चपलांकडे बघितलं, एकदा सुनेकडे, आणि गॅसवर चहा ठेवला.

"काय गं, काय झालं?"

"कामाच्या ठिकाणी एक नाना होते, आई," ताई म्हणाल्या, आणि काही कळायच्या आत त्यांचे डोळे भरून आले. "आज गेले."

"अगं बाई! आजारी होते का?"

"नाही. अडकून पडले होते. पुष्कळ वर्षं."

"अंथरुणाला खिळलेले म्हण ना." सासूबाईंनी हळहळून कपाळाला हात लावला. "मग सुटले म्हणायचे. घरचं कोण कोण आहे त्यांच्या?"

"कुणीच नाही. नावसुद्धा धड नव्हतं."

"पण जवळ कुणी होतं की नाही शेवटी?"

"सगळे होते. मी होते."

"मग झालं तर," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी कपात चहा ओतला, त्यात नेहमीपेक्षा जास्त साखर घातली आणि कप सुनेच्या हातात देऊन तिच्यासमोर बसल्या. "उद्या कामावर जायचं नाही. तुझ्या साहेबांना मी फोन करते. नाना गेले, घरचंच माणूस होतं म्हणून सांगते."

आणि त्यांनी खरोखरच केला. साहेबांनी एका शब्दानं काही विचारलं नाही. दोन दिवसांची रजा दिली, आणि फोन ठेवण्याआधी सासूबाईंना म्हणाले, "ताईंना सांगा, मला फार वाईट वाटलं. ते पान मी बनवलं तेव्हापासूनची ओळख होती."